मदत हवी आहे: मनी एका पिल्लाला जवळ घेत नाहीये

आमची मनी माळ्यावर व्याली. तीन पिल्लं, डोळे आत्ता कुठे किलकिले झालेत. काल रात्री तिने मानगुटीला धरून दोघांना पलंगाखाली हलवलं, तिसरं माळ्यावरच. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, नेईल की, असं सासूबाई म्हणतात. पण मी ते तिच्याजवळ ठेवलं तर हुंगते, फिस्कारते आणि उठून जाते. अंगाने बारीक आहे, सारखं ओरडतंय. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवलीय. गाईच्या दुधाने जुलाब होतात म्हणून ते दिलं नाही. पिल्लांची दूध पावडर इथे मिळेना.

आजारी म्हणून टाकतेय का? अजून किती वाट बघू? डॉक्टरांकडे त्याला एकट्याला नेऊ की मनीसकट सगळ्यांना?