अनुभव धागा : डेव्हिल्स लेकला तंबूत मुक्काम. कुठे राहिलात, काय शिजवलंत, कोणाला कुठे चढवलंत?

भाजणी :
शिकागो, मिलवॉकी, मॅडिसनकडच्या मराठी घरांतली पहिली कँपिंग ट्रिप बहुतेक वेळा विस्कॉन्सिनमधल्या बॅराबू गावाजवळच्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कलाच झालेली असते, असं इथल्या गप्पांवरून मला वाटायला लागलंय. जवळच्या विस्कॉन्सिन डेल्स गावातल्या वॉटरपार्कांना आलेले बरेच जण तळ्यावर चक्कर मारून येतात, पण रात्रीचा मुक्काम ही वेगळी गोष्ट. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तीन कुटुंबं जायचं म्हणतोय. मुलं पाच ते बारा वयाची आहेत, शिवाय भारतातून सासू-सासरे येणार आहेत. सासूबाईंचे गुडघे बोलतात, सासरे मात्र "मी सिंहगड चढलोय" या मूडमध्ये. नियम पार्कच्या साइटवर आहेत, ते वाचले. तिथे जे लिहिलेलं नसतं ते सांगा.

बुकिंगबहाद्दर :
"पुढच्या उन्हाळ्यात" म्हणजे आत्ताच, ताई. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कांचं बुकिंग ११ महिने आधी उघडतं. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार उघडल्या उघडल्या जातात, ऑक्टोबरच्या मध्याचे तर त्याहूनही लवकर, कारण तेव्हा पानं रंगलेली असतात. आपल्याकडे आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, मग पोल होतो, मग कोणाच्या तरी मुलीची भरतनाट्यमची परीक्षा आडवी येते. इथे क्रम उलटा ठेवा. एकाने तारीख ठरवून जागा घ्यायची, बाकीच्यांनी हो म्हणायचं. एका जागेवर एक कुटुंब किंवा सहा माणसं असा नियम आहे, म्हणजे तुम्हाला तीन जागा लागतील. शेजारशेजारच्या मिळवायच्या तर तिघांनी तीन लॅपटॉप उघडून बसा.

शनिवार सोडून मंगळवार-बुधवार जमत असेल तर वरचं सगळं विसरा. रद्द झालेल्या जागा ऐनवेळी सुटतात.

मॅडिसनची माई :
कँपग्राउंड तीन आहेत, आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा. 'क्वार्ट्झाइट' मोकळं, गवताळ, विजेची सोय असलेलं. आरव्हीवाल्यांची (म्हणजे घरासारख्या मोठ्या गाड्या घेऊन येणाऱ्यांची) गर्दी, सावली कमी, पण उत्तर किनारा जवळ. 'नॉर्दर्न लाइट्स' या दोन्हींच्या मधलं. 'आइस एज' झाडीत आहे, वीज नाही, तळं चालत जायला लांब. खरं कँपिंग वाटतं ते तिथेच. पण आजी-आजोबा बरोबर असतील तर झाडी-बिडी बाजूला ठेवा आणि रात्री स्वच्छतागृह किती पावलांवर आहे ते नकाशात बघून जागा निवडा. माझी आई आली होती तेव्हा तिला क्वार्ट्झाइटमध्येच ठेवली. विजेवर तिची गादी फुगली, सकाळी इलेक्ट्रिक किटलीत गरम पाणी मिळालं, आणि ती खूश. तंबूत झोपल्याची बातमी सांगलीत सगळ्यांना फोन करून दिली.

भाजणी :
माई, हे हवंच होतं. आणि चालण्याचं?

मॅडिसनची माई :
सासूबाईंना 'टम्बल्ड रॉक्स'. पश्चिम कड्याच्या पायथ्याने, कोसळलेल्या दगडांच्या राशीतून जाणारी मैलभराची वाट. बरीचशी डांबरी, चढ जवळजवळ नाही, एका बाजूला सतत पाणी. दक्षिणेकडे 'ग्रॉटोज'सुद्धा सपाटच आहे, झाडीतून. दोन्हीकडे घाई न करता जा. दक्षिण किनाऱ्यावर पक्ष्याच्या आकाराचा मातीचा उंचवटाही दाखवा. इथल्या मूळनिवासींच्या पूर्वजांनी हजारएक वर्षांपूर्वी रचलेला. त्या मूळनिवासींपैकी हो-चंक जमातीचे लोक हे तळं आजही पवित्र मानतात. उंचवट्यावर मुलांना चढू देऊ नका, गवताची टेकडी समजून ती लगेच धावतात.

सह्यवेडा :
सिंहगडवाल्या सासऱ्यांसाठी मी बोलतो.

पूर्व कडा करा, ईस्ट ब्लफ. उंची पाचशे फूट, म्हणजे आपल्या हिशेबात किरकोळ. पण दगड वेगळा आहे हे आधी सांगून ठेवा. सह्याद्रीचा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, पायाला खरखरीत लागतो. हा बॅराबू क्वार्ट्झाइट सुमारे १७० कोटी वर्षांचा. मुळात वाळू होती, दाबून-भाजून इतकी घट्ट झाली की काही शिळांवर त्या वेळच्या पाण्याच्या लाटांच्या वळ्या अजून दिसतात. गुलाबी-जांभळा रंग, आणि पृष्ठभाग गुळगुळीत. कोरडा असेल तर मजा. पाऊस पडून गेला असेल तर ओल्या लादीवर चालल्यासारखं होतं. पहाटेच्या दवातही सांभाळा.

'बॅलन्स्ड रॉक'ची वाट लांबीला अर्ध्या मैलाहून कमी, पण सरळ वर दगडी पायऱ्या. वर जाताना घ्या, उतरायला नको, उतरताना गुडघे रडतात. तिथून वरच्या पठारावरून 'डेव्हिल्स डोअरवे' या दरवाजासारख्या खडकाकडे जा आणि उतरायला लांबचा, सौम्य उतार निवडा. पायऱ्यांचं बरंचसं काम १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, बेकार तरुणांच्या सरकारी तुकड्यांनी केलेलं आहे. सीसीसी म्हणायचे त्यांना. एकेक दगड इतका नेमका बसवलाय की राजगडची आठवण आली.

कड्याला कठडे नाहीत. पाच वर्षांच्या मुलाचा हात वर असताना सोडायचा नाही, फोटोसाठीही नाही.

खडकवासला टू विस्कॉन्सिन :
सह्यवेडा, तळं कसं झालं तेही सांगा की. हिमयुगातल्या बर्फाचा लोट इथपर्यंत आला आणि थांबला. दोन कड्यांमधल्या घळीच्या दोन्ही तोंडांशी त्याने आणलेला दगड-माती टाकला, मध्ये पाणी साठलं. म्हणून तळ्यातून बाहेर पडणारी नदी नाही. ही बर्फाची हद्द पायी धरून चालायची तर विस्कॉन्सिनभर हजार मैलांहून लांब 'आइस एज ट्रेल' आहे, तिचा एक तुकडा याच पार्कातून जातो. मुलांना हे कड्यावर उभं करून सांगा. खाली दोन्ही टोकांचे बांध स्पष्ट दिसतात, पुस्तकाची गरज पडत नाही. डोक्यावर घिरट्या घालणारी मोठी काळी पाखरं म्हणजे टर्की व्हल्चर. अशी ढिगाने गिधाडं भारतात आता बघायला मिळत नाहीत.

अर्धा कप :
खाण्यावर कोणीच बोललं नाही, कमाल आहे.

घरून कोरडं करून न्यायचं: भाजणी, मेतकूट, पिठल्यासाठी बेसन-मसाला एकत्र करून पुड्या, भिजवायचे पोहे. मटकी गुरुवारी रात्री मोड काढून, शुक्रवारी अर्धी शिजवून कूलरमध्ये. शनिवारी सकाळी दोन बर्नरच्या गॅसवर मिसळ होते. शेजारचे लोक बेकन भाजताना आपल्याकडे बघत राहतात. तर्री वेगळ्या डब्यात, आणि तो डबा दोन पिशव्यांत, हे मला सांगायची गरज पडू नये. शेगडीच्या जाळीवर वांगी, कांदे, कणसं. जाळीवर थालीपीठ थापायला जाऊ नका, बिडाचा तवा न्या.

लाकडं घरून न्यायची नाहीत. दहा मैलांच्या आतली किंवा प्रमाणित, एवढीच चालतात. अ‍ॅश झाडं पोखरणारा किडा लाकडातून पसरतो म्हणून. पार्कात किंवा वाटेवर विकत मिळतात.

आणि रकून, म्हणजे रात्री खाणं चोरणारा इथला मांजराएवढा प्राणी! रात्री सगळं खाणं गाडीत, काचा बंद. कूलरची कडी त्यांना उघडता येते. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा चितळ्यांच्या बाकरवडीचा अख्खा पुडा गेला. सकाळी रिकामी पिशवी शेजारच्या तंबूसमोर सापडली, तेव्हापासून त्या शेजाऱ्यांवर संशय आहे तो आहेच.

रात्रपाळी :
एक कोणी सांगत नाही: तळ्याच्या पूर्व काठाने रेल्वेलाइन जाते. १८७३ पासून आहे, तिच्यामुळेच हे ठिकाण सहलीचं झालं. आता मालगाडी जाते. लोणावळ्यात लहानपण गेल्यामुळे मला छान झोप लागली, बायकोला नाही. हलकी झोप असणाऱ्यांनी कापसाचे बोळे न्यावेत. रात्री अकरानंतर शांतता पाळायची असते, तेव्हा अंताक्षरी साडेदहाला आवरा. आपला आवाज आपल्याला वाटतो त्याहून लांब जातो.

मीरा_एमकेई :
मी एकटी जाते. आठवड्याच्या मधल्या दिवशी, नॉर्दर्न लाइट्समध्ये. भीती वाटत नाही, शेजारी कायम कोणीतरी असतं. फोनला रेंज भरवशाची नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवते आणि परतायची वेळ बहिणीला कळवते. सकाळी लवकर कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी. तळ्यात पेट्रोलच्या मोटरबोटींना बंदी असल्याने पाणी अगदी शांत असतं. किनाऱ्यावर भाड्याने कयाक मिळतात. लाइफगार्ड नसतो हे मुलं असलेल्यांनी लक्षात घ्यावं.

गोचिड्यांबद्दल: मे-जूनमध्ये जास्त. फिकट रंगाच्या फुल पँट, मोज्यांत खोचलेल्या. रात्री गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासायचं. आजी-आजोबांनाही, ते "मला काही होत नाही" म्हणाले तरी. गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम रोग विस्कॉन्सिनमध्ये भरपूर आहे.

निवांत :
मी विरुद्ध मत मांडतो. उन्हाळ्यातल्या शनिवारी तिथे जाणं म्हणजे तुळशीबागेत जाणं आहे. वर्षाला वीस लाखांहून जास्त लोक येतात, दहा वाजता पार्किंगची रांग. आम्ही मुक्काम जवळच्या मिरर लेक स्टेट पार्कात करतो, लहान तळं, पाइनची झाडी, गोंगाट कमी. डेव्हिल्स लेकला सकाळी सातला जायचं, कडा करायचा, बाकीचे येईपर्यंत निघायचं. गाडी आत न्यायला लागणारं एकच वाहन-स्टिकर दोन्हीकडे चालतं. कँपिंगच्या पैशांत ते धरलेलं नसतं बरं का, आणि इलिनॉयच्या नंबरप्लेटला महाग पडतं.

भाजणी :
निवांत, पटतंय, पण मुलांना पाण्याजवळच हवंय. बुधवार-गुरुवार बघते. पाऊस लागला तर?

बॅराबूकर :
पाऊस लागला तर ओल्या कड्यावर जायचं नाही, हे वर आलंच आहे. गावात सर्कस वर्ल्ड आहे, रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीचा हिवाळी तळ होता तिथेच केलेलं संग्रहालय. पण माझं मत विचाराल तर इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन. जगातल्या क्रौंचांच्या पंधराच्या पंधरा जाती एकाच जागी आहेत. त्यात आपला सारसही आहे, जो महाराष्ट्रात आता गोंदिया-भंडाऱ्याकडेच थोडा उरलाय. माझे बाबा मूळचे गोंदियाचे. जाळीपाशी उभे राहून त्याच्याशी झाडीबोलीत बोलत होते, शेवटी मीच गाडीत छत्री आणायला गेलो. हिवाळ्यात बंद असतं, जायच्या आधी वेळा बघून घ्या.