मदत हवी आहे: पुंटोचे कागद संपतायत, पुढे काय चालवू?

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आता अगदीच गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय. थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

गाडी फियाट पुंटो, १.३ मल्टिजेट डिझेल, नोव्हेंबर २०११ चं पासिंग. म्हणजे येत्या नोव्हेंबरात पंधरा वर्षं भरणार आणि आरसी, म्हणजे नोंदणी, संपणार. एक लाख सत्त्याऐंशी हजार किमी झालेत, इंजिन अजून उघडलेलं नाही, क्लचप्लेट एकदा बदलली, सस्पेन्शनचे बुश किती वेळा ते विचारू नका. एचएसआरपी, म्हणजे ती सक्तीची नवी नंबरप्लेट, लावून झालीये.

वापर असा: रोज वारजे ते हिंजवडी आणि परत, चाळीसेक किमी, त्यातलं निम्मं पहिल्या-दुसऱ्या गिअरात. आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा गुहागर, बाबा तिकडे एकटे असतात. उंब्रजवरून पाटण, कोयना, कुंभार्ली, चिपळूण, साधारण पावणेतीनशे किमी. खरं सांगायचं तर गाडी या दुसऱ्या कामासाठीच ठेवलीये. दोन हजार आरपीएमच्या खाली ती मेलेली असते हे पुंटोवाल्यांना सांगायला नकोच, पण त्याच्या वर टर्बो उठला की घाटात तिसऱ्यातून खाली यावंच लागत नाही. आणि ते हायड्रॉलिक स्टीअरिंग. पावसात कुंभार्लीच्या वळणावर पुढचं चाक ओल्या पाल्यावर गेलं की आधी तळहाताला कळतं. गेल्या दोन वर्षांत मित्रांच्या, भावाच्या मिळून सात-आठ नव्या गाड्या चालवल्या, स्क्रीन सगळ्यांच्या मोठ्या, स्टीअरिंग मात्र एकजात लोण्यात सुरी फिरवल्यासारखं.

मग अडचण काय? पार्ट. इंजिनाचं सगळं मिळतं, कारण हेच इंजिन स्विफ्टपासून व्हिस्टापर्यंत सगळ्यांनी वापरलं. पण बाहेरचं काही तुटलं की संपलं. मे महिन्यात एका स्कूटरवाल्याने डावा हेडलॅम्प फोडला, सहा आठवडे एका दिव्यावर काढले, वर्कशॉपवाला दर सोमवारी "येतोय सर" म्हणायचा आणि शेवटी म्हणाला सर आता ही गाडी सोडा. अखेर भंगारवाल्याकडे एका सिल्व्हर पुंटोचा उतरवलेला दिवा मिळाला, आत कोळ्याचं जाळं होतं, ते काडीला कापूस लावून काढलं.

आता पर्याय. बजेट ऑनरोड वीस-बावीस लाख, ओढूनताणून.
एक, हीच रिन्यू करून पाच वर्षं चालवायची.
दोन, शेवटची म्हणून एक मॅन्युअल पेट्रोल घ्यायची. डोळ्यासमोर फोक्सवॅगनची व्हर्टस १.५ आहे, दीडशे पीएस, सहा गिअर.
तीन, ईव्ही, म्हणजे विजेवरची. महिंद्राच्या बीई ६ ची ५९ युनिट बॅटरीवाली पाहिली. रिअर व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे ताकद मागच्या चाकांना, म्हणून जीव जरा अडकलाय, नाहीतर या भानगडीत पडलोच नसतो.

बायकोचं म्हणणं, क्लच दाबून तिचा गुडघा गेलाय, गिअरची गाडी आणलीस तर तूच चालव. मुलीला ईव्हीच हवी, कारणं न विचारलेली बरी. मला कळत नाहीये की घाटासाठी गाडी घ्यायची की हिंजवडीसाठी. ज्यांनी खरंच बदल केलाय त्यांनी सांगा. नुसता "ईव्ही म्हणजे मोबाइल" असा प्रतिसाद देणार असाल तर राहू दे.

टॉपगिअर_सातारा: ईव्ही म्हणजे मोबाइल.
(सॉरी, राहवलं नाही.) व्हर्टस घ्या राव. मिळतेय तोवर घ्या. दीड लिटर टर्बो आणि मॅन्युअल हे कॉम्बिनेशन या बजेटात आता मोजक्याच गाड्यांत मिळतं. हायवेला निवांत चालली की चारातले दोन सिलिंडर बंद करते, त्यामुळे अॅव्हरेजही बरं. ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी आहे, गुहागरच्या आतल्या रस्त्यांना पोट घासायची भीती नाही. फक्त स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे हे आधीच सांगून ठेवतो, पुंटो विसरून बसा.

आरटीओ_वारकरी: काका, घाई कशाची? महाराष्ट्रात दिल्लीसारखं दहा वर्षांचं डिझेलबंदीचं काही नाही. फॉर्म २५ भरायचा, आरसी संपायच्या आधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो. गाडी तपासायला न्यावी लागते, फी पाच हजार, वर ग्रीन टॅक्स, पाच वर्षांची मुदत मिळते. पीयूसी आणि इन्शुरन्स चालू पाहिजे. जायच्या आधी हॅण्डब्रेक, वायपर, हॉर्न आणि सगळे दिवे बघून घ्या, माझी गाडी नंबरप्लेटच्या एवढ्याशा बल्बसाठी परत पाठवली होती. आणि मुदत उलटू देऊ नका, आरसी नसताना अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात.

घाट_आणि_गणित: रेंजचं मी सांगतो, कारण या विषयात लोक एकतर घाबरवतात नाहीतर फेकतात. हायवेला शंभरच्या आसपास, एसी लावून, या आकाराची गाडी एका युनिटला सहा किमी धरा. ५९ गुणिले सहा, साडेतीनशे. वीस टक्के राखीव ठेवले की दोनशे ऐंशी. तुमचं गुहागर पावणेतीनशे. म्हणजे जमतंय, पण काठावर.
आता घाट. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, गुहागर समुद्राला टेकलेलं. जाताना एकूण हिशोब उताराचा, कुंभार्ली उतरताना बॅटरी थोडी भरते आणि ब्रेकला पाय लावावा लागत नाही. येताना उलटं. माणसांसकट दोन हजार तीनशे किलो सहाशे मीटर वर चढवायचे तर पावणेचार युनिट नुसते चढायला लागतात, म्हणजे बावीस-तेवीस किमी रेंज गेली. थोडक्यात, जाताना न थांबता पोचाल, येताना साताऱ्याच्या आसपास वीस मिनिटं चहा प्यायचा. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर रिजेन, म्हणजे उतारावर परत भरणारी वीज, मिळत नाही, तेव्हा घाट सुरू होताना शंभर टक्के नकोच.

वायरमन_दापोली: वरचं गणित झकास, पण गावाकडच्या घरी चार्ज कसं करणार ते कोणी विचारलंच नाही. १५ अँपिअरच्या पॉइंटवर तासाला तीन युनिट, म्हणजे एवढी बॅटरी रिकामी असेल तर वीस तास. लाइट गेली नाही तर. आणि जुन्या घराला अर्थिंग नसतं, असलं तर २० वर्षांपूर्वीचं. कंपनीचा चार्जर अर्थिंग खराब दिसलं की लाल दिवा लावून बसतो, सुरूच होत नाही. आधी खड्डा करून मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग करून घ्या, पॉइंटला जाड वायर ओढा, स्वतंत्र एमसीबी. हे काम पावसाच्या आधी करा, गाडी आल्यावर नाही.

मेघना_के: मी गेल्या दिवाळीत पोलोवरून ईव्हीवर आले, गिअरची गाडी मलाही प्रिय होती म्हणून लिहितेय. पहिले तीन महिने डावा पाय क्लच शोधायचा. आता ऑफिसच्या रस्त्यावर मला पोलोची एकदाही आठवण येत नाही, चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमधून माणूस माणसासारखा घरी येतो. पण रविवारी सकाळी सहाला उठून मी आता ड्राइव्हला जात नाही. पूर्वी जायचे. गाडी वेगवान आहे, पोलोपेक्षा कितीतरी, तरी जावंसं वाटत नाही. तुम्ही विचारलंय म्हणून सांगितलं. आणि सोसायटीत वेगळं ईव्हीचं मीटर घ्या, घरच्या मीटरवर लावलंत तर स्लॅब चढतो आणि बचतीचं सगळं मुसळ केरात. एनओसीसाठी मला चार मीटिंगा लागल्या.

टॉपगिअर_सातारा: मेघनाताई, हेच मी एका ओळीत सांगत होतो.

मेघना_के: नाही हो, तुम्ही मोबाइल म्हणत होता.

हिशेबनीस: पैशाचं बघू. ईव्हीला जीएसटी ५ टक्के, रोड टॅक्स माफ. व्हर्टस चार मीटरच्या वर म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के, वर आपला पेट्रोलचा रोड टॅक्स. शोरूमवाले तुम्हाला ईव्हीची टोलमाफीही ऐकवतील, तिला भुलू नका, ती अटल सेतू, पुणे-मुंबई एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर. तुमचे खेड शिवापूर आणि आनेवाडी आहेत तसेच. नवीन डिझेलचा विचार मात्र डोक्यातून काढा, रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबून दिवा लागेल.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. एवढे नेमके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

मेघनाताईंचं ते रविवारच्या सकाळचं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग सोपं आहे, हिंजवडीला एक गाडी आणि रविवारला एक. मी इतके दिवस एकच गाडी दोन्हीकडे बसवायला बघत होतो. तर आता असं घाटतंय की पुंटो रिन्यू करायची, फक्त गावाला आणि रविवारला ठेवायची, आणि रोजच्यासाठी एखादी लहान बॅटरीची स्वस्त ईव्ही, बहुतेक सेकंडहॅण्ड, जी बायकोही चालवेल. बीई ६ नको मग, तेवढे पैसेच लागत नाहीत. गावाला पुंटोच जाणार, म्हणजे बाबांकडचं अर्थिंग गाडीसाठी करायला नको, पण कधीतरी करायलाच हवंय, त्यांचा फ्रिज करंट मारतो.

सोसायटीत पार्किंग एकच आहे, दुसरी गाडी रस्त्यावर लागेल, म्हणजे या वेळी उजवा हेडलॅम्प फुटायचा. तर दोन प्रश्न उरले. सेकंडहॅण्ड ईव्ही घेताना बॅटरीची तब्येत कोणाकडून तपासून घ्यायची, आणि पुंटोचा उजवा हेडलॅम्प कोणाकडे पडलेला आहे का? चालू हालतीत असेल तर आत्ताच घेऊन ठेवतो, जाळ्यासकट चालेल.