शनिवारचा सिनेमा: झिसूच्या बोटीवरून आपल्या ग्रुपवर झालेलं बोलणं

सेक्रेटरी (ए-१०१): सुप्रभात. काल क्लबहाउसमध्ये 'द लाइफ अ‍ॅक्वाटिक विथ स्टीव्ह झिसू' या सिनेमाला आलेल्या सर्वांचे आभार. काही खुर्च्या अजून व्हरांड्यात आहेत, पावसाची सर यायच्या आत आत घ्याव्यात. सिनेमाबद्दल मला सकाळपासून चार फोन आलेत. दोघांना फार आवडला, दोघं चिडलेत. जे बोलायचं ते इथेच बोला.

बी-२०७: मग मीच सुरुवात करतो. नोटिशीत 'विनोदी सागरी सफर' असं लिहिलं होतं. मी तासभर बसलो, एकदाही हसू आलं नाही. लाल टोप्या, फिकट निळे कपडे, आणि सगळे एकाच सुरात बोलतात. मित्राला शार्कने खाल्लं हेसुद्धा तो समुद्रावर माहितीपट काढणारा स्टीव्ह झिसू दुधाचा हिशेब सांगावा तसं सांगतो. मासे तर सरळसरळ खोटे दिसतात. एवढे मोठे नट घेऊन हे काय केलं? मी मध्येच उठून गेलो.

सी-३०३: माझी तक्रार वेगळी आहे. मी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. बोटीवर एक बाई उघड्या अंगाने वावरते, शिव्या आहेत, रक्त आहे. हे आधी सांगायला हवं होतं.

ए-३०४: वहिनी, ही चूक पूर्णपणे माझी. अमेरिकेत या सिनेमाला 'आर' प्रमाणपत्र आहे, म्हणजे १७ वर्षांखालच्या मुलांनी मोठ्या माणसांसोबतच पाहायचा. मला ते माहीत होतं आणि तरी नोटिशीत लिहायचं राहिलं. मनापासून माफी मागते. पुढच्या वेळी प्रमाणपत्र वरच्याच ओळीत असेल.

बी-२०७ काका, तुमच्याशी मात्र मला भांडायचंय. 'द लाइफ अ‍ॅक्वाटिक विथ स्टीव्ह झिसू' २००४ साली आला तेव्हा जगभर हेच झालं होतं. दिग्दर्शक वेस अँडरसनचा तोवरचा सगळ्यात महागडा सिनेमा, ५ कोटी डॉलर खर्च, आणि तिकीटबारीवर तेवढेही परत आले नाहीत. बिल मरे, केट ब्लँचेट, ओवेन विल्सन, विलेम डफो असूनही. अर्ध्या समीक्षकांनी लिहिलं की हा नुसता मांडलेला बाहुल्यांचा खेळ आहे, आत जीव नाही. उरलेल्यांना तो तेव्हाही आवडला, आणि पुढच्या वर्षांत त्याच्यावर जीव टाकणारे वाढत गेले. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं. बाबा गेल्यानंतर दुसऱ्यांदा पाहिला. तेव्हा कळलं की तो माणूस सपाट आवाजात का बोलतो. तो आवाज जरा हलला तर सगळंच कोसळेल, म्हणून.

डी-५०२: माशांबद्दल मी सांगतो काका, कारण मी तेच शिकतोय. ते खोटे दिसतात कारण ते खोटे दिसावेत असंच ठरवलेलं होतं. हेन्री सेलिक नावाच्या माणसाने ते स्टॉप-मोशनने केलेत. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, परत हलवायची. एका सेकंदाला साधारण २४ चित्रं. २००४ मध्ये कॉम्प्युटरवर करणं सोपं होतं, तरी हाताने केलं. पट्ट्यापट्ट्यांचे खेकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीतला तो रंगीत समुद्रघोडा, यातलं काहीच कुठल्या समुद्रात सापडत नाही.

आणि बोट उभी कापल्यासारखी दिसते तो प्रसंग आठवतो का? कॅमेरा स्वयंपाकघर, प्रयोगशाळा, सॉना अशा एकेका खोलीतून सरकतो. तो सेट रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत खरोखर बांधलेला होता. मी तेवढाच तुकडा रात्री परत चार वेळा पाहिला.

ए-५०३: मला गोष्ट फारशी लागली नाही, पण गाण्यांसाठी मी शेवटपर्यंत बसले. तो डेकवर गिटार घेऊन बसणारा खलाशी, त्याचं काम केलेला सेऊ जॉर्ज ब्राझीलचा आहे. इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवीची गाणी तो पोर्तुगीजमध्ये म्हणतो, आणि शब्द बऱ्याच ठिकाणी त्याचे स्वतःचेच आहेत. बोवीनेही त्याचं कौतुक केलं होतं. आमच्या मडगावच्या घरी आजी तांदूळ निवडताना पोर्तुगीजमध्ये गुणगुणायची. अर्थ आम्हा मुलांना कधी कळला नाही. काल तसंच झालं. शब्द कळत नव्हते आणि डोळे भरून आले. आजूबाजूला लोक फोन बघत होते, त्याचं वाईट वाटलं.

बी-४०४: मी कोळ्याची लेक. वडिलांची होडी होती, म्हणून मला हा सिनेमा बघवला नाही. आमच्याकडे तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, सगळ्या खलाशांच्या बायकापोरांचा भार डोक्यावर घेतलेला माणूस. वारा फिरला तर जाळं सोडून माघारी येतो, तोटा झाला तरी. आणि हा झिसू? त्या शार्कवरच्या सुडासाठी सगळ्यांना घेऊन धोक्याच्या पाण्यात शिरतो. चाचे येतात, माणसं पळवून नेतात. आणि शेवटी तो पोरगा नेड जातो, झिसूचा मुलगा म्हणून आलेला, ज्याने आपल्या आईचे पैसे याच्या सिनेमात घातले. असल्या माणसावर मी हसायचं कसं? आणि त्याच्यासाठी रडायचं तरी कशाला?

ए-३०४: ताई, तुमचं बोलणं वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. चीफसाहेब, तुम्ही ३४ वर्षं बोटीवर काढलीत. तुम्ही बोला ना.

बी-१०२ (चीफसाहेब): सकाळपासून वाचतोय. टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आधी जे मला आवडलं नाही ते. चाच्यांचा प्रसंग. आम्ही एडनच्या आखातातून जायचो तेव्हा कठड्याला सगळीकडे काटेरी तार गुंडाळलेली असायची, फायर होज चालू ठेवलेले, रात्री बाहेरचे दिवे बंद. माझ्याबरोबर कायम फिलिपिनो खलाशी असत. त्यांच्यासारखे कष्टाळू आणि मायाळू सोबती मला दुसरे मिळाले नाहीत. सिनेमात चाचे फिलिपिनो दाखवलेत आणि हा एकटा माणूस पिस्तूल घेऊन त्यांना पळवून लावतो, तेही गमतीत. ते मला खटकलं आणि खटकत राहील.

आता बी-२०७ यांचं. मित्र मेलेला माणूस असं सपाट बोलतो का? बोलतो. माझ्या एका जहाजावर आमचा ऑइलर, म्हणजे यंत्रांना तेल देणारा खलाशी, झोपेतच गेला. बंदर सहा दिवस लांब. त्याला थंड कोठीत ठेवलं. मेसरूममध्ये त्याचा निळा एनॅमलचा मग हुकला टांगलेला होता. सहा दिवस त्या मगाला कोणी हात लावला नाही आणि त्याचं नावही कोणी काढलं नाही. आम्ही डाळ खारट झाली यावर भांडलो. अगदी मोठ्याने भांडलो. बाहेरचा कोणी बघता तर म्हणाला असता, यांना काही वाटतच नाही. काल झिसू आणि त्याची माणसं क्षुल्लक गोष्टींवर कुरकुर करत होती, तेव्हा मला तो मगच दिसत होता.

बी-४०४ ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. तो चांगला तांडेल नाही. पण आणखी एक गोष्ट सांगतो. हा सिनेमा फ्रान्सच्या झाक कूस्तोला वाहिलेला आहे. पाणबुड्याला पाण्याखाली श्वास घेत मोकळेपणी पोहता यावं म्हणून १९४३ मध्ये एमिल गान्याँबरोबर अ‍ॅक्वालंग तयार केलं, तो हा माणूस. आम्ही मरीन इंजिनिअरिंगला होतो तेव्हा त्याची पुस्तकं हातोहात फिरायची. त्याची बोट 'कॅलिप्सो', मुळात युद्धातली सुरुंग काढणारी. झिसूची 'बेलाफॉन्टे' पण युद्धातलीच जुनी बोट. हॅरी बेलाफॉन्टे हा कॅलिप्सो नावाच्या कॅरिबियन संगीतातला मोठा गायक, त्यावरून हे नाव. लाल टोप्याही कूस्तोच्याच. त्याचा धाकटा मुलगा फिलिप वडिलांबरोबर काम करायचा. १९७९ साली लिस्बनजवळ पाण्यावर उतरताना त्याच्या विमानाला अपघात झाला आणि तो गेला. सिनेमात नेड हेलिकॉप्टरमध्ये जातो. दिग्दर्शकाच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण मला ते हेलिकॉप्टर पडताना बघवलं नाही.

बी-४०४: मुलाचं मला माहीत नव्हतं चीफसाहेब. तरी झिसूला मी माफ करणार नाही.

बी-१०२ (चीफसाहेब): करू नका. मीही केलेलं नाही.

सी-३०३: मुलीला बाहेर न्यावं लागलं म्हणून शेवट माझा राहिला. शार्कला मारतात का?

ए-३०४: नाही वहिनी. सगळे एका छोट्याशा पिवळ्या पाणबुडीत दाटीवाटीने बसून खाली जातात. ज्यांच्याशी त्याचं भांडण झालं ते, बायको, तिचा आधीचा नवरा, पोटुशी बातमीदार, सगळे. काचेसमोरून तो ठिपक्यांचा शार्क जातो, डी-५०२ म्हणतोय तसाच हाताने केलेला. आणि झिसू विचारतो, मी याला आठवत असेन का? मग तो रडतो. कोणी एक शब्द बोलत नाही, एकेक जण नुसता त्याच्या अंगावर हात ठेवतो. इतके हात की तो जवळजवळ दिसेनासा होतो. काका, तुम्ही याच्या आधी उठलात. मला सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटलं.

बी-२०७: विनोद मला अजूनही सापडलेला नाही, ते लिहून ठेवतो. पण चीफसाहेबांचा मग वाचून चहा तसाच राहिला. आमची ही गेली त्या दिवशी मी गॅसवाल्याशी शंभर रुपयांवरून वाद घालत होतो. मुलगा अजून ते बोलून दाखवतो. तो शेवटचा अर्धा तास पेनड्राइव्हवर मिळेल का?

ए-३०४: संध्याकाळी सातला घरी येऊन लावून देते. पण शेवटचा अर्धा तास नाही, तुम्ही उठलात तिथून पुढचा सगळा.

सेक्रेटरी (ए-१०१): सी-३०३ वहिनींची सूचना मीटिंगच्या वहीत घेतली आहे. खुर्च्या अजूनही बाहेरच आहेत. डी-५०२, दोन मित्रांना घेऊन खाली ये.