भाच्याला .३०-०६ रायफलीचा धक्का सोसत नाही, एल्कच्या सीझनआधी काय करता येईल?

रामबागी_इंदूर:
मंडळी नमस्कार. आधीच सांगतो, हे इथलं नाहीये, इथे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद आहे हे मला माहितीये, त्यामुळे त्यावरून कोणी सुरू होऊ नका प्लीज. ताई-भाऊजी डेन्व्हरजवळ राहतात, भाचा १३ चा आहे, त्याचा हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय आणि यंदा ऑक्टोबरात भाऊजींबरोबर पहिल्यांदा एल्कच्या (तिकडचं मोठं हरीण) शिकारीला जायचंय. भाऊजींच्या एका मित्राने आपली जुनी .३०-०६ दिलीये, फायबरच्या दस्त्याची, एकदम हलकी, म्हणे डोंगरात उचलायला बरी. रेंजवर पोराने चार-पाच राउंड मारले आणि आता व्हिडिओत स्पष्ट दिसतं की ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतो अन् खांदा पुढे ढकलतो. खांद्यावर निळं पण पडलं होतं. भाऊजी म्हणतात होईल सवय, ताई म्हणते जाऊच नका. रोज रात्री मला व्हिडिओ कॉल, कारण कॉलेजात एनसीसी केलेला घरात मी एकटाच, पण आम्ही .२२ च्या पुढे काही चालवलं नाही. इथे फौजी पण आहेत आणि तिकडे राहणारे पण, तर सांगा धक्का कमी कसा करायचा? कोणी म्हणतं मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवायचा, वायू बाजूला फेकणारा तुकडा) लाव, कोणी म्हणतं खांद्याकडच्या टोकाला जाड पॅड लाव.

महूवाले_काका (निवृत्त):
बेटा, सवय होत नाही, भीती होते. एकदा फ्लिंच, म्हणजे धक्क्याच्या भीतीने आधीच दचकणं, बसली ना की ती काढायला महिने जातात, म्हणून पहिली गोष्ट, ती रायफल त्या पोराच्या हातातून आजच काढून घ्या. आम्ही एसएलआर चालवली, ७.६२ ची, पण ती चार किलोच्या वर होती, वजनच अर्धा झटका खाऊन टाकायचं. तुमच्या भाऊजींनी नेमकं उलटं केलंय, काडतूस मोठं आणि रायफल हलकी. गोळी तीच असेल तर रायफल जितकी हलकी तितका धक्का जास्त, सरळ व्यस्त प्रमाण आहे. साडेसहा पाउंडाच्या रायफलीत एक पाउंड वाढवलं, दस्त्यात शिशाचे छर्रे भरून का होईना, तर धक्क्याची ऊर्जा साधारण १३ टक्के उतरते.

दुसरं, दस्ता. मोठ्या माणसाच्या रायफलीत बटापासून (दस्त्याचं खांद्याला टेकणारं टोक) ट्रिगरपर्यंत साडेतेरा इंच वगैरे अंतर असतं, तेरा वर्षाच्या पोराला बारा-साडेबारा पुरतं. बट कोपराच्या आतल्या बाजूला टेकवून, कोपर काटकोनात ठेवून बघा, बोट ट्रिगरपर्यंत आरामात पोचलं पाहिजे. लांब पडला तर पोरगं मान ताणतं, बट खांद्याच्या खळग्यातून सरकून दंडाच्या हाडावर येतो, आणि निळं तिथेच पडतं. व्हिडिओत बघ, बट कुठे आहे ते. आणि हे माप जाड जाकीट घालून घ्यायचं, ऑक्टोबरात तिकडे बर्फ असू शकतो.

कोलोरॅडोची_मावशी:
मी मूळची सुदामानगरची, इकडे वीस-एक वर्षं आहे, नवरा आणि दोन्ही मुलं हंटिंग करतात (मी फक्त शिजवते आणि बोलणी खाते). काकांचं सगळं बरोबर, पण माझ्या मते पॅड आणि ब्रेकच्या आधी काडतूस बदला, म्हणजे लहान काडतुसाची रायफल घ्या. आठ पाउंडाची रायफल धरली तर .३०-०६ मध्ये १८० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी साधारण २० फूट-पाउंडाचा धक्का देते, ७ एमएम-०८ मध्ये १४० ग्रेनची १३ च्या आसपास, ६.५ क्रीडमूर १२ च्या आसपास, आणि .२४३ नऊच्या जवळ. म्हणजे नुसतं ७ एमएम-०८ वर आलात तरी तिसरा हिस्सा गेला, कुठलंही यंत्र न लावता. आमच्या धाकट्याने ७ एमएम-०८ वरच सुरू केलं, यूथ दस्त्याचं मॉडेल, आणि आता मोठा पण तीच मागतो.

.२४३ बद्दल, कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर आणि ८५ ग्रेनची गोळी लागते, म्हणजे कायद्यात ती बसते. पण नर एल्क तीनशे किलोच्या आसपास जातो, .२४३ ने मारायचं तर गोळी अगदी बरोबर जागी बसायला हवी, आणि ते पहिल्याच सीझनला १३ च्या पोराकडून मागणं मला तरी पटत नाही. हरणाला ठीक.

बडोद्याचा_रीलोडर:
मावशी .२४३ ला फार नावं ठेवू नका 🙂 फुफ्फुसात बसलेली .२४३ ही पोटात बसलेल्या .३००मॅगपेक्षा (खूप ताकदीचं काडतूस) कधीही चांगली. पण एल्कला मी पण ७ एमएम-०८ च म्हणेन, त्यात १२० ग्रेनची पूर्ण तांब्याची गोळी मिळते, ती फुटून तुकडे होत नाही, आत खोल जाते, म्हणून हलकी गोळी असूनही चालते आणि धक्का अजून उतरतो.

नवी रायफल घ्यायचं बजेट नसेल तर .३०-०६ मध्येच कमी लोड, म्हणजे कमी ताकदीचं काडतूस, वापरता येतो. हॉर्नडीचा कस्टम लाइट नावाचा तयार माल आहे, १२५ ग्रेनचा, सरावाला आणि हरणाला छान. घरी काडतुसं भरणारा कोणी ओळखीचा असेल तर हॉजडनची एच४८९५ पावडर, कंपनीच सांगते की त्यांच्या पुस्तकातल्या कमाल भरणीच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. पण हे फक्त त्या पावडरचं झालं हां, भाऊजींनी दुसरी कुठलीही हळू जळणारी पावडर अंदाजाने कमी भरली तर रायफल फाटू शकते, हे त्यांना नीट सांग, मेसेज फॉरवर्ड करून मोकळा होऊ नकोस.

रामबागी_इंदूर:
मावशी, रीलोडर भाऊ, मस्त. आणि मझल ब्रेक? भाऊजींचं मन तिकडेच आहे, कारण त्यात रायफल बदलावी लागत नाही. आणि काका, बट खरंच दंडावर आहे, पुन्हा बघितला व्हिडिओ.

कोलोरॅडोची_मावशी:
ब्रेक धक्का खरंच बराच कमी करतो, पण आवाज बाजूला आणि मागे फेकतो. रायफलीचा आवाज तसाही १६० डेसिबलच्या वर असतो, १४० च्या वरचा एक झटका पण कानाला घातक धरतात. रेंजवर ठीक, पण एल्क समोर आला की घाईत कोण मफ (कानांवरची झाकणं) लावतंय, आणि शेजारी भाऊजी बसलेले असणार, कान त्यांचेही जातील. आमच्याकडे सप्रेसर (नळीला लावायचा सायलेन्सर) आहे, कोलोरॅडोत चालतो पण फेडरल नोंदणी करावी लागते, तो धक्का आणि आवाज दोन्ही कमी करतो, पुढे वजन वाढतं तेही कामाचंच. आणि एक सांगू, पोरं निम्मी धक्क्याला नाही, आवाजाला घाबरतात. रेंजवर कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही लावा, मग बघा डोळे मिटतो का.

पोहे_जलेबी_५६दुकान:
१३ वर्षाच्या पोराच्या हातात बंदूक देऊन जनावर मारायला शिकवायचं आणि वर धक्का लागतो म्हणून चर्चा, कमाल आहे भिया.

महूवाले_काका (निवृत्त):
प्रश्न तो नव्हता. तिकडे लायसन्स मोजून देतात, एल्क सगळ्यात जास्त त्याच राज्यात आहेत आणि १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामालाच जातो. पटत नसेल तर नका जाऊ, एवढंच.

रामबागी, आता सराव. महिनाभर मोठी रायफल बंद, फक्त .२२ आणि रिकामी रायफल, घरी भिंतीकडे तोंड करून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून. मग मोठीवर आला की भाऊजींनी स्वतः भरून द्यायची, कधी खरा राउंड, कधी डमी, पोराला कळू द्यायचं नाही. डमीवर नळी खाली डुबकली की फ्लिंच त्याला स्वतःलाच दिसते, ओरडावं लागत नाही. एका वेळी पाच-सहा राउंड, बस, पुढे हट्ट केला तरी नाही. झिरोइंग, म्हणजे स्कोप नेमावर जुळवणं, भाऊजींनी करावं, बेंचवर बसून मारताना धक्का सगळ्यात जास्त लागतो कारण शरीर मागे जाऊच शकत नाही. पोराला काठीच्या टेकूवर, बसून किंवा उभं राहून मारू दे.

आणि स्कोप डोळ्यापासून साडेतीन-चार इंच. दस्ता लहान केला की स्कोप पण पुढे सरकवायचा, नाहीतर भुवई फुटेल.

रामबागी_इंदूर:
काका, शेवटचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आत्ता ताईशी बोललो, मित्राची रायफल परत जातेय, भाऊजी शनिवारी ७ एमएम-०८ ची यूथ मॉडेलं बघायला जातायत, तोवर .२२. मावशी, तुमच्या धाकट्याचं मॉडेल कुठलं ते मेसेज करा ना, आणि दस्त्याला नंतर स्पेसर लावून लांबी वाढवता येते का तेही, पोरगं वर्षात चार इंच वाढतंय.

कोलोरॅडोची_मावशी:
करते मेसेज. स्पेसरवालंच घ्या, आमचं तेच आहे, दोन स्क्रू काढले की झालं.