साधा प्रश्न म्हणून उडवून लावू नका

आपल्या या गाड्यांच्या फोरमवर एका नवीन सदस्याने विचारलं, टायरमध्ये हवा किती भरायची? त्यावर 'एवढंही माहीत नाही?' असं उत्तर आलं, ते मला फार खटकलं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं? बहुतेक गाड्यांत योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. मोजायचा मात्र टायर थंड असताना. गाडी पळवून आल्यावर तो वाढलेलाच दिसतो.

विचारणाऱ्यांनीही मॉडेल, वर्ष, इंजिन लिहावं. आणि जाणकारांनो, गाडीच्या संगणकात 'पी०४२०' हा बिघाडाचा कोड (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा भाग, नीट काम करत नसल्याची सूचना) दिसला की लगेच 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला' म्हणू नका. ऑक्सिजन सेन्सर बिघडलेला असू शकतो, एक्झॉस्टला, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीला, गळती असू शकते. आधी ते तपासायला सांगा, समोरच्याचा मोठा खर्च वाचेल.