वाफ ‘जळली’ की ‘पांढरीफटक’ पडली? कृष्णधवल फोटोंवर बोलायचे शब्द

धागाकर्ती :
गेल्या हंगामात करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर कृष्णधवल फोटो काढले. रस आटवायच्या काहिलीतून उठणारी वाफ, वाफेआडून दिसणारा गुळव्या (गूळ शिजवणारा), त्याच्यामागे उभा ऊस. त्यातला एक फोटो आमच्या छायाचित्रकारांच्या गटात दाखवला. तीन शेरे मिळाले : ‘वाफ जळलीय’, ‘वाफ थोडी बर्न कर’ आणि ‘मधले टोन (म्हणजे करड्या छटा) मळकट’. जळलेली वाफ आणखी जाळायची म्हणजे काय? आणि ‘मळकट’ ऐकून मी नेमकं काय बदलू? सगळे मनापासून बोलत होते, म्हणून त्यांचं बोलणं नीट समजून घ्यायचंय.

जुना डार्करूमवाला :
ताई, दोन वेगळ्या कामांचे शब्द एकत्र आलेत. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश पाडणारं यंत्र. त्याखाली बाकीचा कागद हाताने झाकून एका भागाला जास्त वेळ प्रकाश दिला की प्रिंटमध्ये तो भाग गडद व्हायचा. ते बर्न करणं. तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती मध्ये धरून प्रकाश अडवला की तो भाग उजळ राहायचा. ते डॉज. फोटोशॉपमध्ये ही अवजारं नावांसकट आली, चिन्हंही हाताची आणि चकतीचीच.

‘जळलीय’ ही मात्र कॅमेऱ्यात घडलेली गोष्ट. प्रकाश इतका पडला की तपशील नोंदलाच गेला नाही. आठ बिटच्या फाइलीत तिथले सगळे आकडे २५५ वर, म्हणजे पूर्ण पांढऱ्यावर, जाऊन टेकतात. अशा वाफेला बर्न केलंत तर ती सपाट करडी होईल, तिची वळणं परत येणार नाहीत. म्हणजे पहिला शेरा म्हणतो की तपशील गेला, दुसरा धरून चालतो की तपशील आहे. एका जागेपुरतं दोघांपैकी एकच बरोबर असणार. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने नोंदलेली मूळ फाइल, उघडून बघा.

भाषावाली :
काका, म्हणूनच मला ‘जळलं’ हा शब्द इथे नको वाटतो. मराठीत जळलेलं काळं असतं, आणि आपण पांढऱ्याबद्दल बोलतोय! आपल्याकडे याहून नेमके शब्द आहेत. पांढराशुभ्र आणि पांढराफटक यांत फरक काय? शुभ्र कापडाची घडी दिसते. भीतीने चेहरा पांढराफटक पडतो तेव्हा त्यावर काहीच उरत नाही. तपशील गेलेल्या पांढऱ्याला ‘फटक’ म्हणा, लगेच कळेल.

काळ्याचंही तसंच. काळेभोर केस म्हटलं की चमक आणि बट दोन्ही दिसतात. काळाकुट्ट अंधार म्हटला की हात पुढे करूनही काही दिसत नाही. ‘चुलवाणाच्या तोंडाशी काळं कुट्ट झालंय, तिथला माणूस हरवला’ असं काहिलीखालच्या भट्टीबद्दल कुणी म्हटलं तर जागाही कळते आणि दोषही. मला हे शब्द फार मोलाचे वाटतात, कारण रंगाबरोबर त्यात काय टिकलंय हेही ते सांगतात.

धागाकर्ती :
रॉ फाइल पाहिली. वाफेचा वरचा भाग खरंच फटक आहे, खालच्या भागात वळणं शाबूत आहेत. पण ‘मळकट’?

जुना डार्करूमवाला :
गुळव्याचं मुंडासं कोणत्या रंगाचं होतं?

धागाकर्ती :
लाल.

जुना डार्करूमवाला :
आणि मागे हिरवा ऊस. रंग काढून टाकले की लाल आणि हिरवा बऱ्याचदा एकाच करड्यात जातात. डोळ्यांना वेगळं दिसलेलं मुंडासं उसात मिसळलं. फिल्म असती तर लाल फिल्टर लावून लाल उजळ आणि हिरवा गडद केला असता. आता संगणकावर रंगीत फोटो कृष्णधवल करताना लालची पट्टी वर घ्या, हिरव्याची खाली. शेरा ‘मुंडासं उसापासून सुटत नाही’ असा असता तर तुम्हाला विचारावं लागलं नसतं.

संपादनातला एक जण :
‘मळकट’ आणि ‘धुवट’ यांचीही गल्लत होते. धुवट म्हणजे धुतलेलं, फोटोंबाबत मी ते धुऊन विटल्यासारखं या अर्थाने वापरतो. फोटोत काळं नीट काळं नसेल, सगळ्यावर पांढुरका पदर असेल तर धुवट. करडे एकमेकांत कालवले गेले तर मळकट. उपाय वेगळे आहेत. ग्रेन, म्हणजे फिल्मवर दिसणारे कण, आवडला तर मी ‘रवाळ’ म्हणतो, तुपासारखा. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरचा नॉइज, म्हणजे नको असलेले ठिपके, खुपला तर ‘कचकचीत’.

भाषावाली :
रवाळ छान! कचकचीत मात्र दाताखाली येणाऱ्या खड्याचा शब्द आहे, डोळ्यांना तो लागेल का, विचार करते.

एक राहिलं. या सगळ्याला टीका म्हणावं का? ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरची टीका म्हणतो, तिथे अर्थ उलगडणं आहे. आज मात्र ‘टीका केली’ म्हटलं की समोरचा दुखावतो. मला ‘अभिप्राय’ हवा. अभिप्राय आणि अभिप्रेत हे एकाच धातूतून आलेत, आणि अभिप्रायचा मूळ अर्थ हेतू असाच आहे. तेव्हा फोटो काढणाऱ्याला काय अभिप्रेत होतं हे आधी विचारावं, मग अभिप्राय द्यावा. ताई, तुम्हाला या फोटोत काय हवं होतं, वाफ की माणूस?

धागाकर्ती :
हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मला उष्णता हवी होती. त्या वाफेपाशी दोन मिनिटंही उभं राहवत नव्हतं आणि तो माणूस तासन् तास तिथेच होता. वरची फटक वाफ कापून टाकते, मुंडासं उसापासून सोडवते आणि पुन्हा दाखवते.