फोंतेन्हासच्या गल्ल्यांत उघडी गाडी हवी कशाला?

मळ्याची लेक

माझे माहेर पणजीतल्या मळा या वस्तीत, फोंतेन्हास या रंगीत घरांच्या जुन्या वस्तीला अगदी लागून आहे. गेल्या मे महिन्यात मी तिथे आठवडाभर राहिले. एका दुपारी अडीचच्या सुमारास, म्हणजे सगळी गल्ली जेवूनखाऊन आडवी झालेली असते त्या वेळी, मामींच्या बल्कांवासमोर, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीसमोर, बॅटरीवर चालणारी एक उघडी गाडी येऊन थांबली. तीन ओळींत सहा पर्यटक आणि पुढे, गळ्यात माइक व कमरेला स्पीकर अडकवून, मागे तोंड करून बसलेला मार्गदर्शक. चार मिनिटांत त्याने तीन गोष्टी सांगितल्या. ही सगळी वस्ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पोर्तुगीज कायद्याने दरवर्षी घर रंगवणे सक्तीचे असल्यामुळे इथली घरे अशी रंगीत आहेत. आणि सेंट सेबॅस्टियनच्या कपेलातल्या, म्हणजे छोट्या चर्चमधल्या, क्रुसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे ठेवले ते आरोपींच्या मनात धडकी भरावी म्हणून.

यातली पहिली गोष्ट चूक आहे. 1986 साली युनेस्कोच्या यादीत गेली ती जुन्या गोव्यातली चर्चे आणि मठ. फोंतेन्हास त्यांत नाही. दुसरी अर्धवट आहे. पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे आणि पाऊस सरला की घरांना नव्याने चुन्याचा हात फिरे हे खरे, पण वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावात चुन्याची भिंत कायदा असो वा नसो, रंगवावीच लागते. तिसरी तर सांगोवांगीची आहे. तो क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायासनाच्या, वाड्यात होता, 1812 मध्ये इन्क्विझिशन संपल्यावर पणजीत आदिलशहाच्या वाड्यात आला आणि 1918 मध्ये या कपेलात, इतके पक्के; घडवणाऱ्याच्या मनात काय होते ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

मामी त्या वेळी बल्कांवात बसून सुपातली सोलां, म्हणजे सुकवलेली आमसुले, उलटीपालटी करत होत्या. गाडीतला एक तरुण उतरला, न विचारता दोन पायऱ्या चढून आला आणि त्यांच्या शेजारी उभा राहून फोटो काढू लागला. मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी सूप उचलले, आत गेल्या आणि दार लावून घेतले. दार लावल्याचा तेवढा फोटो मात्र त्याला मिळाला असावा.

माझे म्हणणे असे की या गाड्या ओरेमच्या खाडीकाठच्या रस्त्यावरच थांबाव्यात आणि आतल्या गल्ल्या लोकांनी चालत पाहाव्यात. या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत गेले तरी पाव तास लागत नाही. इतक्या अंतराला वाहन हवे कशाला?

ताळगावकर

ताई, तुमच्या मामींना झालेला त्रास मला मान्य आहे, पण 'पाव तास' हा हिशेब धडधाकट पायांचा आहे. माझे वडील 84 वर्षांचे आहेत आणि वॉकरशिवाय त्यांना दहा पावले टाकता येत नाहीत. त्यांची सारी नोकरी जुन्या सचिवालयाच्या परिसरात झाली आणि दुपारचा डबा खाऊन ते ज्या गल्ल्यांतून पाय मोकळे करत त्या त्यांनी कित्येक वर्षांत पाहिल्या नव्हत्या. मोटारीत बसवून नेले तर काचेतून भिंतीचा कंबरेएवढा भाग दिसतो. सज्जे, कौलांवरचे मातीचे कोंबडे, वरच्या मजल्यावरची शिंपल्यांची तावदाने यांतले काही दिसत नाही. म्हणून गेल्या डिसेंबरात मी त्यांना अशाच उघड्या गाडीतून नेले.

तिथे जे घडले ते सांगतो. रुआ 31 द जानेरोवर मार्गदर्शक एका घराविषयी काही सांगत असताना बाबांनी हात वर केला आणि म्हणाले, "इथे खाली शिंपी बसायचा. माझी लग्नातली पँट त्यानेच शिवली होती आणि एक पाय अर्धा इंच आखूड केला होता." मार्गदर्शकाने माइक खाली ठेवला. पुढची दहा मिनिटे बाबा बोलत होते आणि गाडीतल्या चार अनोळखी बायका ऐकत होत्या. तुमच्या नियमाप्रमाणे गाडी खाडीवरच थांबली असती तर बाबा खाडीकडे बघत बसले असते आणि आम्ही आत जाऊन फोटो काढून त्यांना दाखवले असते.

वारसा पाहण्याचा हक्क गुडघ्यांवर अवलंबून असावा काय, याचे उत्तर मला तुमच्याकडून हवे आहे.

वाटाड्या

मी पर्यटन खात्याकडे नोंदणी केलेला मार्गदर्शक आहे. मार्गदर्शकांची ही नोंदणी 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याने आवश्यक केलेली आहे. मी चालतही फिरवतो आणि गाडीतूनही, त्यामुळे दोन्ही बाजूंची बोलणी खाण्याची मला सवय आहे.

ताईंनी दाखवलेल्या चुका खऱ्या आहेत. युनेस्कोचे वाक्य मीही दोन वर्षे म्हणत होतो; ज्याच्याकडून मी धंदा शिकलो तो म्हणायचा, म्हणून मी म्हणायचो. एकदा एका निवृत्त शिक्षिकेने सगळ्यांसमोर कान उपटले, तेव्हा सोडले. पण अशी वाक्ये टिकतात कशी, ते आतून पाहिल्याशिवाय कळणार नाही. पायी फेरी दोन तासांची असते आणि माणशी पैसे मी ठरवतो. गाडीत मला दिवसाचे पैसे मिळत नाहीत, फेरीचे मिळतात. फेरी पाऊण तासात संपलीच पाहिजे, कारण पुढचे सहा जण तिकिटे काढून उभे असतात. एका थांब्याला चार मिनिटे मिळाली की माणूस मोझांबिकात पैसा मिळवून परतलेल्या आणि त्यामुळे 'मोसमीकर' असे टोपणनाव पडलेल्या सिक्वेराची गोष्ट सांगत नाही, अठराव्या शतकात त्याच्या माडांच्या बागेत हा वाडा कसा वसत गेला ते सांगत नाही. तो धडकी भरवणाऱ्या डोळ्यांची गोष्ट सांगतो, कारण ती चार मिनिटांत मावते आणि शेवटी बक्षिसी मिळवून देते. ताळगावकरबाबांच्या वडिलांना ज्याने दहा मिनिटे दिली त्याला त्या दिवशी मालकाची बोलणी बसली असणार, हे मी पैजेवर सांगतो.

तेव्हा गाडी खाडीवर थांबवून काही साधणार नाही. पैसे फेरीवर मोजण्याऐवजी दिवसावर मोजा, मग गाडीतूनही खरे बोलता येते. स्पीकरऐवजी प्रत्येकाच्या कानात छोटे यंत्र देता येते. मग मामींची झोपही मोडत नाही.

खाडीकाठ

मी फोंतेन्हासमध्येच राहतो, त्यामुळे थोडे कडू बोलतो. तुम्ही सगळे बॅटरीच्या गाडीवर तुटून पडला आहात आणि काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या जीपगाड्या मात्र कोणाच्या डोळ्यांत आल्या नाहीत. स्वतः चालवत आलेला पर्यटक ती जीप गल्लीत घालतो, समोरून दुसरी येते, दोन्ही मागे हटत नाहीत, आणि माझ्या दाराच्या चिऱ्याच्या जोत्याला आजवर तीनदा बंपर लागला आहे. चिरा तसा टणक, पण दोन चिऱ्यांमधला सांधा चुन्यामातीचा असतो. तो एकदा हलला की पावसाळ्यात भिंत पाणी पिते. बॅटरीच्या गाडीला धूर नाही, वजन कमी, आणि ती चालवणारा दिवसातून दहा वेळा त्याच वळणावरून जात असल्यामुळे त्याला वळण पाठ असते.

दुसरे असे की चालत येणारे सगळे संत असतात असा ताईंचा समज दिसतो. माझ्या पिवळ्या भिंतीला टेकून लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी चालतच येतात. कपडे बदलायला आमचा जिना वापरतात. 'फोटो काढू नका' अशी पाटी लावली, तर आता त्या पाटीजवळ उभे राहून फोटो काढतात. गाडीतला माणूस निदान चार मिनिटांनी जातो.

पेडणेकर

मला दोन्ही पक्षांचे थोडे चुकते आहे असे वाटते. माथेरानचे उदाहरण घ्या. तिथे मोटारींना बंदी आहे, आणि त्या बंदीचा भार वर्षानुवर्षे हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या छातीवर पडला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे प्रायोगिक ई-रिक्षांना परवानगी दिली आणि 2025 मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असे बजावले. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्याही 2015 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरवल्या. म्हणजे 'वाहन नको' म्हणून सांगितल्याने वाहन जात नाही. त्याचा भार माणसावर नाहीतर जनावरावर येतो. फोंतेन्हासमध्ये तेवढी वेळ आलेली नाही, कारण अंतर कमी आहे. पण ताळगावकरांच्या वडिलांना आत न्यायचे झाले तर कोणाला तरी ढकलखुर्ची ढकलावी लागेल, आणि त्या दगडी उतारांवर ती ढकलून पाहावी मग बोलावे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. गाडी जाते तेवढेच गाव, असे पर्यटकाला वाटू लागते. कपेलापर्यंत गाडी जाते, विहिरीत नाणी टाकून होतात आणि गाडी वळते. तिथून थोडेच पुढे मळ्यात फोंते फिनिक्सचा झरा आहे. 'फोंतेन्हास' म्हणजे लहान झरे, पण ज्यांच्यावरून वाड्याला नाव पडले ते झरेच फेरीत नाहीत. त्याच्या वर आल्तिनो टेकडीच्या उतारावर मारुतीचे देऊळ आहे, ज्याच्या जत्रेला अख्खी पणजी लोटते. पायऱ्यांमुळे गाडी जात नाही, म्हणून ते देऊळ सांगण्यातूनही जाते आणि ऐकणारा समजतो की इथे फक्त पोर्तुगीज राहत होते. ताई, तुमच्याच मळ्याविषयी हे तुम्ही लिहाल असे मला वाटले होते.

मळ्याची लेक

पेडणेकरांनी माझे वाक्य माझ्याआधी लिहिले, त्याचा थोडा राग आला आणि थोडे बरेही वाटले.

ताळगावकरबाब, तुमच्या प्रश्नाला बगल देत नाही. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी गाडी आत यावी, यावर माझे काही म्हणणे नाही. पण मी पाहिलेल्या गाडीतले सहाही जण तिशीच्या आतले होते. त्यांच्यासाठी गाडी पायांची उणीव भरून काढत नव्हती, ती त्यांना उतरण्यापासून वाचवत होती. माणूस गल्लीतून चालत जातो तेव्हा त्याची आणि बल्कांवात बसलेल्याची नजर एका पातळीवर येते, आणि गोव्यात तरी अशा वेळी मान हलवावी लागते, "कितें, बरें मूं?" म्हणावे लागते. उंच आसनावरून, छताखालून, स्पीकरच्या आवाजात खाली पाहणाऱ्याला तसे काही करावे लागत नाही. खाडीकाठबाबांच्या भिंतीला टेकणारी जोडपी याला अपवाद आहेत हे कबूल. निर्लज्जपणाला वाहन लागत नाही.

वाटाड्यांनी फेरीच्या पैशांचे जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते आणि त्याने माझे अर्धे म्हणणे बदलले. मग गाडीला तिचे योग्य काम द्या. 1633-34 मध्ये बांधलेला लिन्हारिसचा पूल पणजीहून रायबंदरला जातो. जवळपास तीन किलोमीटरचा तो बांध दुपारच्या उन्हात कोणी चालत जाणार नाही. 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीतल्या आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला आणि 1843 मध्ये पणजी राजधानी म्हणून जाहीर झाली. जुने शहर ओस पडून नवे कसे उभे राहिले हे समजायचे तर एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे ठेवून त्या बांधावरून उघड्या बसने जावे. तिथे वारा हवा, उंची हवी, वेग हवा. कपेलासमोर यांतले काहीच लागत नाही.

वाटाड्या

बांधाची कल्पना चांगली आहे. फक्त त्या रस्त्यावरच्या वाहतुकीत आमची सहा आसनी खेळणी टिकणार नाहीत, बसच हवी. आणि ताई, बसवाल्यानेही फेरीवरच पैसे दिले तर मी तिथेही डोळ्यांचीच गोष्ट सांगेन, हे आताच सांगून ठेवतो.

ताळगावकर

सहाही जण तिशीच्या आतले होते, यावर माझ्याकडे उत्तर नाही. बाबांना मात्र पुन्हा जायचे आहे. शिंपल्याची तावदाने आतून पाहायची आहेत, उजेड कसा येतो ते. लहानपणी त्यांच्या आजोळी तशी होती, आणि त्या शिंपल्यांची जात आता संरक्षित असल्यामुळे तुटलेले तावदान पुन्हा बसवता येत नाही. मामींच्या घरी ती असतील तर विचारून पाहाल का? दुपारी येणार नाही. गाडी खाडीवर ठेवू आणि वॉकर घेऊन किती जमते ते बघू.

मळ्याची लेक

मामींच्या माजघरात दोन खिडक्या आहेत, त्यातली एक उघडते. साडेचारनंतर या म्हणाल्या आहेत, आणि गाडी दारापर्यंत आणा म्हणाल्या आहेत. खाडीवर ठेवायचे माझे होते, त्यांचे नाही, असेही त्यांनी बजावले.